महाराष्ट्रातल्या संघांच्या रणजी इतिहासातला विसरता न येणारा उपांत्य सामना कोणता?

एकाच राज्यातले तीन संघ रणजी करंडकात खेळतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस कुठल्या गावचा यावर बरंच अवलंबून राहणार. माझं उत्तर मात्र पक्कं आहे. डिसेंबर २०१७, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, विदर्भ विरुद्ध कर्नाटक. विदर्भ पाच धावांनी जिंकला.

त्या वेळच्या कर्नाटकाचा दरारा आधी लक्षात घ्या. २०१३-१४ आणि २०१४-१५ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकलेला हा संघ. त्या हंगामाच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी मुंबईला डावाने हरवलं होतं, विनय कुमारने हॅटट्रिक घेतली होती, आणि तो सामना झाला होता नागपुरात, म्हणजे विदर्भाच्याच अंगणात. दुसरीकडे विदर्भ. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या संघाने साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी पाहिली नव्हती. पहिल्या डावात विदर्भ १८५ वर आटोपला, तेव्हा यंदाही एवढंच, असं मला वाटून गेलं. करुण नायरच्या १५३ धावांच्या जोरावर कर्नाटकाने ३०१ केल्या. आघाडी ११६ ची.

इथे रणजीचा एक नियम सांगायला हवा, त्याशिवाय या सामन्यातली घालमेल कळणार नाही. बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. म्हणजे ११६ धावांनी मागे पडलेल्या विदर्भाला नुसतं टिकून राहून काहीच उपयोग नव्हता, सामना जिंकायलाच हवा होता. दुसऱ्या डावात त्यांनी ३१३ धावा जमवल्या. त्यात सर्वाधिक ८१ गणेश सतीशच्या, आणि हा गणेश सतीश मूळचा कर्नाटकचाच खेळाडू. कर्नाटकापुढे लक्ष्य १९८ धावांचं. पाच दिवसांच्या सामन्यात एवढ्या धावा म्हणजे फार मोठा डोंगर नव्हे.

आणि मग रजनीश गुरबानी. वेग फार भयंकर नाही, पण चेंडू टप्प्यावर पडून शेवटच्या क्षणी हलायचा. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. अजून ८७ धावा हव्या, हातात तीन गडी. रात्री झोपताना कुठल्याही वैदर्भीय माणसाला सामना खिशात आल्यासारखं वाटलं असेल. पाचव्या दिवशी सकाळी विनय कुमारने ३६, अभिमन्यू मिथुनने ३३ धावा केल्या, एका टोकाला श्रेयस गोपाळ ठाण मांडून उभा राहिला, आणि बघता बघता अंतर एकेरी आकड्यात आलं. शेवटचा गडी पडला तेव्हा कर्नाटक १९२ वर होतं आणि श्रेयस २४ वर नाबाद. गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले, सामन्यात एकूण १२. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. पण माझ्या लेखी करंडक ईडनवरच जिंकला गेला होता. कर्णधार फैज फझल आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांनी त्या संघाला जी शिस्त लावली होती, तिची खरी परीक्षा त्या सकाळी झाली. हातातून निसटणारा सामना पाहून एकही गोलंदाज बिथरला नाही.

हा सामना मला इतका जवळचा का वाटतो याचं कारण त्यातल्या शेपटाच्या, म्हणजे तळाच्या फलंदाजांच्या, झुंजीत आहे. रणजीच्या उपांत्य फेरीचे जे सामने आठवतात, त्यातले बहुतेक सातव्या क्रमांकापासून खाली खेळणाऱ्यांनी फिरवलेले किंवा फिरवता फिरवता राहिलेले आहेत. मोठे फलंदाज अपयशी ठरले की सामना संपला असं आपण धरून चालतो. उपांत्य फेरीत तो बरेचदा तिथून सुरू होतो.

मुंबईचा २००६-०७ चा हंगाम घ्या. बडोद्याच्या मोतीबाग मैदानावर बडोद्याविरुद्ध उपांत्य सामना. दुसऱ्या डावात मुंबईचे पाच गडी बाद आणि फलकावर शून्य. चुकून छापलंय असं वाटावं असा धावफलक: ५ बाद ०. मुंबईच्या फलंदाजीचा जो मान देशभर होता तो पाहता ही पडझड अविश्वसनीय होती. त्या डावातली एकूण एक धाव पाचवा गडी पडल्यानंतर झाली. आणि तरीही मुंबईने तो सामना ६३ धावांनी जिंकला, नंतर वानखेडेवर बंगालला हरवून करंडकही मिळवला.

त्या संघाचा कर्णधार होता अमोल मुझुमदार. थोडं विषयांतर होईल, पण हे सांगितल्यावाचून राहवत नाही. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं लक्ष्य गाठलं, जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली, तेव्हा भारताचा मुख्य प्रशिक्षक हाच माणूस होता. रणजीत डोंगराएवढ्या धावा करूनही ज्याला भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, त्याच्या नावावर असे दोन उपांत्य सामने आहेत. मला त्याचा फार आनंद वाटतो.

मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावरही असंच घडलं. तमिळनाडूने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि १४६ मध्ये गुंडाळला गेला. उत्तरादाखल मुंबई ७ बाद १०६. साई किशोरची फिरकी मुंबईला एकेक करून बाद करत होती. तिथून नवव्या क्रमांकावर आलेल्या शार्दुल ठाकूरने १०९ धावा ठोकल्या. हे त्याचं प्रथम श्रेणीतलं पहिलंच शतक! मागोमाग तनुष कोटियन ८९ वर नाबाद राहिला, शेवटच्या जोडीसाठी तुषार देशपांडेने त्याला उत्तम साथ दिली, आणि मुंबईचा डाव पोहोचला ३७८ पर्यंत. तमिळनाडूला दुसऱ्या डावात १६२ च करता आल्या. एक डाव आणि ७० धावांनी विजय, तोही तीन दिवसांत. कोटियन आणि देशपांडे ही तीच जोडी, जिने आधीच्या फेरीत बडोद्याविरुद्ध दहाव्या-अकराव्या क्रमांकावर येऊन दोघांनीही शतकं केली होती. अशा माणसांना ‘तळाचे’ म्हणणंही मला आता जड जातं.

सचिनप्रेमी विचारतील, मग २००० सालचं काय? वानखेडेवर तमिळनाडूने ४८५ धावा केल्या होत्या. मुंबईने ४९० केल्या, म्हणजे आघाडी अवघ्या पाचची, आणि त्यातल्या नाबाद २३३ एकट्या सचिनच्या. वर सांगितलेला नियम आठवला की त्या पाच धावांचं मोल कळतं. फलंदाजी म्हणून पाहायचं तर त्यापेक्षा मोठी खेळी मी उपांत्य फेरीत सांगू शकणार नाही. फक्त तो सामना एका महान खेळाडूचा आहे आणि ईडनचा सामना बावीस जणांचा, म्हणून माझा क्रम तसा.

पुणेकरांसाठी मात्र एक सामना सगळ्यांपासून वेगळा ठेवावा लागतो, कारण त्याच्याशी तुलना करायला दुसरा नाहीच. मार्च १९४९, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई. सामना सात दिवस चालला. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, मग मुंबई ८ बाद ७१४ वर डाव घोषित. महाराष्ट्रापुढे लक्ष्य ९५९ धावांचं! आणि त्यांनी हात टेकले नाहीत, ६०४ केल्या. एकूण धावा २३७६, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यात यापेक्षा जास्त धावा आजवर झालेल्या नाहीत. शतकं नऊ. माधव मंत्रींचं द्विशतक, उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांची दोन्ही डावांत शतकं, आणि महाराष्ट्राकडून रेगे यांचीही दोन्ही डावांत. याच मैदानावर तीनच महिन्यांपूर्वी भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या, तेव्हा खेळपट्टीने गोलंदाजांवर काय अन्याय केला असेल याची कल्पना येते. ३५४ धावांनी हरलेल्या संघाच्या ६०४ धावांची आठवण पंच्याहत्तर वर्षांनंतरही निघते, हे महाराष्ट्राच्या त्या फलंदाजांचं देणं आहे.

महाराष्ट्राचा अलीकडचा चांगला उपांत्य सामना म्हणजे जानेवारी २०१४, इंदूर. बंगालला ११४ मध्ये बाद करून त्यांनी दहा गडी राखून विजय मिळवला. केदार जाधवचा तो सुवर्ण हंगाम. सामना एकतर्फी झाला, म्हणून तो इथे एवढाच.

शेवटी फेब्रुवारी २०२५ चं नागपूर. विदर्भ विरुद्ध मुंबई, आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातलेच दोन संघ. पहिल्या डावात पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे असे तिघे टिपले. आकाश आनंदने शतक करून मुंबईला २७० पर्यंत नेलं. दुसऱ्या डावात यश राठोडने १५१ धावा केल्या आणि मुंबईपुढे ४०६ चं लक्ष्य उभं राहिलं. शार्दुलने ६६ केल्या, शेवटची जोडीही सहजासहजी हलेना, पण हर्ष दुबेच्या पाच बळींपुढे डाव ३२५ वर थांबला. विदर्भ ८० धावांनी जिंकला आणि मग करंडकही तिसऱ्यांदा नागपुरात आला. ईडनच्या त्या सामन्याखालोखाल विदर्भाचा हाच विजय मी ठेवेन, कारण या वेळी समोर मुंबई होती आणि तिच्या शेपटाने झुंज देऊनही त्यांनी सामना हातचा जाऊ दिला नाही.