वेब बॅकएंडचा अनुभव एम्बेडेडमध्ये किती उपयोगी पडतो?

वेब बॅकएंडवर (वेबसाइटच्या सर्व्हरकडच्या कोडवर) काही वर्षं काढल्यावर एम्बेडेडकडे, म्हणजे उपकरणांमधल्या छोट्या चिपवर चालणाऱ्या कोडकडे वळलं तर पुन्हा फ्रेशर व्हावं लागतं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच वाटेने गेलोय. फ्रेशर व्हावं लागत नाही. पण डिझाइनचे निर्णय सुरुवातीला त्या क्षेत्रातल्या मुरलेल्या माणसाकडून तपासून घ्यावे लागतात.

दुसऱ्याचा कोड वाचणं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), कोड रिव्ह्यू, टेस्ट लिहायची सवय हे सगळं सोबत येतं. त्यातही बग हमखास पुन्हा घडवून आणायचा आणि शोधायची जागा निम्मी निम्मी करत तो गाठायचा, ही चिकाटी सगळ्यात मोलाची. सी भाषा शिकणं त्यामानाने सोपं आहे.

बदलतं ते काय महाग, काय स्वस्त याचं गणित. सर्व्हरवर हजारभर रेकॉर्ड मेमरीत घेताना कोणी थांबून विचार करत नाही. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये रॅमच २ किलोबाइट. तिथे मॅलॉक (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागून घेणं) टाळतात, बफरचे (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागांचे) आकार आधीच ठरवतात. सर्व्हरची प्रोसेस मेली तर दुसरी उभी राहते. इथे चिप अडकली तर वॉचडॉग (अडकलेली चिप आपोआप पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेट करेपर्यंत मोटर कोणत्या स्थितीत राहील, हा विचार तुम्हालाच करावा लागतो.

ओळखीच्या गोष्टी वेगळ्या रूपात भेटतात, हे मला फार आवडतं. दोन रिक्वेस्ट एकाच वेळी डेटाबेसमधली एकच रो बदलतात, हा गोंधळ तुम्ही पाहिला असेल. ८ बिटांच्या चिपवर १६ बिटांचा काउंटर दोन टप्प्यांत वाचला जातो. मधेच इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरा कोड चालवणारा सिग्नल) आला आणि त्याने काउंटर बदलला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो. रेस कंडिशनच ती, पण इथे डेटाबेससारखं ट्रान्झॅक्शन मदतीला नसतं. तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवायचे.

जुनी गृहीतकं मात्र तपासून घ्या. १९९६ साली एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. एरियन ४ वर नीट चाललेला कोड त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, तो आकडा १६ बिटांत मावला नाही.

राजीनामा देण्याआधी एखादा सेन्सर घ्या आणि तयार लायब्ररी न वापरता, डेटाशीट (उत्पादकाचं तांत्रिक माहितीपत्रक) वाचून त्याचा आयटूसी ड्रायव्हर, म्हणजे दोन तारांवरून सेन्सरशी बोलणारा कोड लिहा. तारांवरचे सिग्नल लॉजिक ॲनालायझरवर (डिजिटल सिग्नल टिपून दाखवणाऱ्या उपकरणावर) बघा. हे काम रमून झालं तर बिनधास्त अर्ज करा. आधी अशा टीमकडे, जिथे उपकरणं सर्व्हरशी बोलतात. दोन्ही बाजू कळणारी माणसं तिथे लागतातच.