कोणता व्यायाम आणि कितपत? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात व्यायामाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केल्यावर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांचा सूर एकच होता: ‘मला अमुक आजार आहे, तर मी कोणता व्यायाम करू?’ व्यायामाचा प्रकार निवडणे हे खरे तर त्यातले सोपे काम आहे. तो किती करायचा, औषधाच्या वेळेशी त्याचा मेळ कसा घालायचा आणि कशाची चाहूल लागताच थांबायचे, यावर त्याची सुरक्षितता ठरते. कोल्हापूर शहर व जिल्ह्यातून आलेली पाच पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. गोळ्यांतला कोणताही बदल मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रश्न : माझे वय ५८ असून अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन्ही गोळ्या पहाटे बिनसाखरेच्या चहाबरोबर घेऊन मी रंकाळ्यावर तासभर चालतो. मागच्या महिन्यात दोनदा चालताना हातपाय थरथरले आणि दरदरून घाम फुटला. सोबतच्या मंडळींनी गूळ खायला दिल्यावर बरे वाटले. चालणे बंद करून योगासने सुरू करावीत का? शिवाय मी दरवर्षी नवरात्रात अनवाणी असतो. अलीकडे तळवे कापसावर ठेवल्यासारखे वाटतात. तरी अनवाणी चालावे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : चालणे बंद करू नका, दोष चालण्याचा नसून वेळेचा आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न आहे की नाही याची ती वाट पाहत नाही. दुसरीकडे, काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. उपाशीपोटी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की साखर खाली येते, आणि तुम्हाला दोनदा जे झाले ते बहुधा त्यामुळेच. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. ग्लिमेपिराइड साधारणपणे दिवसाच्या पहिल्या मुख्य खाण्यासोबत घ्यायची असते, बिनसाखरेच्या चहासोबत नव्हे. हा सगळा प्रकार डॉक्टरांना सविस्तर सांगून गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्या. तोवर चालणे न्याहारीनंतर ठेवा, किंवा दोन्ही जेवणांनंतर पंधरा-वीस मिनिटांचे दोन फेरे करा. त्याने जेवणानंतर चढणारी साखरही आटोक्यात राहते.

घरी ग्लुकोमीटर असल्यास निघण्यापूर्वी साखर पाहावी. ती ९० च्या खाली असेल तर आधी एखादे केळे खावे. २५० च्या वर असून मळमळ, धाप किंवा अंगात कसर असेल तर त्या दिवशी व्यायाम टाळून डॉक्टरांना कळवावे. साखर उतरल्याची लक्षणे दिसताच जागेवर बसावे, तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट त्या वेळी कामाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आपल्याकडे गुळाची उणीव नसली, तरी कठीण खडा चघळत बसण्यापेक्षा पाण्यात विरघळलेली साखर लवकर लागू पडते. आणखी एक लक्षात असू द्या: नेहमीपेक्षा जास्त श्रम झालेल्या दिवशी साखर कित्येक तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते.

तळव्यांचे लक्षण मला अधिक गंभीर वाटते. कापसावर चालल्यासारखे वाटणे म्हणजे मज्जातंतूंची संवेदना कमी होत असल्याची शक्यता आहे, आणि संवेदना गेलेल्या पायाला खडा रुतला किंवा ऊन पडलेल्या डांबराचा चटका बसला तरी ते कळत नाही. पायांची संवेदना तपासून घ्या. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि दुखत नाही. चालताना मोजे आणि बोटांना मोकळीक देणारे बूट घाला. कोल्हापुरी चप्पल कितीही आवडती असली तरी तासाभराच्या चालीसाठी ती नको. रोज रात्री आरसा धरून तळवे पाहा. नवरात्रातला नेम मोडवत नसेल तर घरातल्या एखाद्या निरोगी पायांच्या माणसाकडे तो सोपवता येईल. अंबाबाईचा कोप होईल या भीतीने जखम ओढवून घेणे मला तरी भक्तीत बसत नाही.

योगासने जरूर करा, पण चालण्याला जोड म्हणून. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम असावेत आणि व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड नसावा. वजन उचलायला किंवा डोके खाली करणाऱ्या आसनांना हात घालण्यापूर्वी मात्र डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

प्रश्न : वय ४७, वजन ११२ किलो. पंचविशीपर्यंत तालमीत होतो, खासबागेतही कुस्त्या केल्या. नंतर व्यायाम सुटला, खुराक सुटला नाही. गेल्या वर्षी बीपी १६०/१०० निघाले, मेटोप्रोलॉल सुरू आहे. आता मुलगा तालमीत जातो, म्हणून त्याच्यासोबत पुन्हा पाचशे बैठका आणि दोनशे जोर धरायचा विचार आहे. घड्याळात पाहिले तर जिना चढूनही नाडी शंभरच्या वर जात नाही, म्हणजे हृदय मजबूतच असणार ना?
— एक माजी मल्ल, शिवाजी पेठ

उत्तर : आधी घड्याळाबद्दल. मेटोप्रोलॉलचे कामच नाडी रोखून धरण्याचे आहे. ती शंभरच्या आत राहते हा गोळीचा गुण आहे, हृदयाचे प्रशस्तिपत्र नव्हे. ही गोळी घेणाऱ्याने श्रमाचा अंदाज बोलण्यावरून घ्यावा. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणवत नाही, एवढा श्रम योग्य समजावा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा.

तालमीत जा, पण कुस्तीच्या हौद्यात उतरू नका. वीस-बावीस वर्षांनी बैठकीची लय तुम्हाला लगेच सापडेल, आणि धोका नेमका त्यातच आहे, कारण अंगाला सवय आठवते पण स्नायू, गुडघे व रक्तवाहिन्या आता पंचविशीतल्या नाहीत. सवय सुटलेल्या माणसाने एका सकाळी शेकडो बैठका मारल्या तर मांडीचे स्नायुतंतू मोठ्या प्रमाणात तुटतात, त्यांतले मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते. मांड्या दगडासारख्या होऊन लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर मालिश करत किंवा दुखीच्या गोळ्या गिळत घरी बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट श्वासाची. जोर लावताना दम कोंडून धरण्याची पैलवानांना सवय असते. त्या काही क्षणांत रक्तदाब झपाट्याने वर जातो. म्हणून उठताना किंवा ढकलताना श्वास सोडायचा, खाली जाताना घ्यायचा, आणि ज्या वजनाला हे जमत नाही ते वजन तूर्त आपले नाही असे मानायचे. शीर्षासन आणि जड मुद्गल सध्या नकोत.

सुरुवातीचे सहा आठवडे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चाला, म्हणजे प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे भरतील. दोन दिवस भिंतीला हात टेकून दहा-दहा जोरांचे दोन फेरे आणि खुर्चीच्या उंचीपर्यंतच खाली जाणाऱ्या तितक्याच बैठका करा. दुसऱ्या दिवशी अंग सहज हलत असेल तरच पुढच्या आठवड्यात दोन-चार वाढवा. पाचशेचा आकडा मुलाला लखलाभ असो. नियमित चालण्याने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो. ही घट थोडी वाटली तरी ती गोळीच्या जोडीला मिळते. गोळी मात्र स्वतःहून सोडू नका, कारण मेटोप्रोलॉल एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. बसल्याजागी बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. तुमचे वजन आणि बीपी पाहता सुरुवातीपूर्वी हृदयाची तपासणी करून घेणेच बरे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा अंधारी आली तर ताबडतोब थांबून मदत मागावी. पित्त समजून सोडा पिण्यात अनेकांचा मोलाचा वेळ गेलेला आहे.

खुराकाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. बदामाची थंडाई आणि तूप हे रोज तास-दोन तास माती खेळणाऱ्याचे अन्न आहे.

प्रश्न : वय ६२. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, उजवा जास्त दुखतो. शेजारच्या बाई म्हणतात, जितके चालाल तितके झिजेल. सूनबाई म्हणते, हालचाल ठेवा. चैत्रात जोतिबाला पायऱ्यांनी जायची इच्छा आहे.
— एक वाचिका, कागल

उत्तर : तुमच्या सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणे आणि सुटणे या हालचालीतूनच तिला पोषण मिळते. विश्रांतीने मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो आणि सगळा भार सांध्यावर येतो.

पलंगाच्या कडेला बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा आणि सावकाश खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. त्यानंतर हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याचा सराव करावा. व्यायाम करताना थोडे दुखले तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणे मूळपदावर यायला हवे; सूज आली तर मात्रा निम्मी करावी. मांडी घालून बसणे, वज्रासन आणि उकिडवे बसणे टाळावे. वजन जास्त असेल तर एक किलो घटल्याने प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार हलका होतो.

जोतिबाला आणखी तीन-चार महिन्यांनी जायचे असेल तर आतापासून घरच्या जिन्यावर सराव करा: चढताना डावा, म्हणजे कमी दुखणारा पाय आधी, उतरताना उजवा आधी आणि काठी डाव्या हातात. गुडघ्याच्या वाटीवर उतरताना अधिक ताण येतो, म्हणून पायऱ्या चढून जा आणि परत येताना वाहनाने या. मुख्य यात्रेच्या गर्दीत जाण्याऐवजी आधीचा किंवा नंतरचा एखादा निवांत दिवस निवडलात तर थांबत-बसत चढता येईल.

प्रश्न : वय ६६. डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे. आमच्या गटात रोज बारा सूर्यनमस्कार घालतो. चालू ठेवू का?
— एक वाचिका, ताराबाई पार्क

उत्तर : या स्वरूपात नको. कमरेतून पुढे वाकून हात जमिनीला टेकवताना ठिसूळ मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि मणका दबण्याचा धोका वाढतो. पश्चिमोत्तानासन आणि झटक्याने कंबर पिळणेही याच कारणाने टाळावे. त्याऐवजी चालणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाठ ताठ ठेवणारे सौम्य व्यायाम आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. पोहणे हृदयाला चांगले असले तरी पाण्यात हाडांवर भार पडत नसल्याने या कामी ते पुरेसे नाही. गटाला वाईट वाटेल म्हणून वाकू नका. त्या वेळात बाजूला उभ्या राहून टाचा उचला.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो. त्याला दमा आहे. थंडीत सरावानंतर खोकल्याची उबळ येते. खेळ बंद करावा असे घरच्यांचे मत आहे.
— एक पालक, मंगळवार पेठ

उत्तर : दमा आटोक्यात असलेल्या मुलाने खेळ सोडण्याचे कारण नाही, आणि या गावात तर त्याला फुटबॉलपासून दूर ठेवणे दम्यापेक्षा अवघड जाईल. वेगाने धावताना तोंडाने आत जाणारी थंड, कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. म्हणून सरावापूर्वी दहा-पंधरा मिनिटे अंग हळूहळू गरम करावे आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास त्याच सुमारास इनहेलर घ्यावा. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत निराधार आहे. मात्र खेळण्यापूर्वी इनहेलर घेऊनही उबळ येत असेल, किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ होतो आणि रोजचे प्रतिबंधक औषध तपासून घ्यावे लागते. गळीत हंगामात जवळपास उसाचे पाचट पेटवले असेल त्या दिवशी मैदानावरचा सराव टाळावा. प्रशिक्षकांना आजाराची कल्पना द्यावी, आणि इनहेलर मुलाच्या बॅगेत तळाशी न ठेवता सामना चालू असताना मैदानाच्या कडेला, कोणाच्या तरी हाताशी असेल असा ठेवावा.