सेलममध्ये चेटकिणींना खरंच जिवंत जाळलं होतं का?

नाही. जाळलं एकालाही नाही. सेलम हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं गाव, तिथे १६९२ मध्ये चेटुकाच्या आरोपावरून खटले चालले. मॅसॅच्युसेट्स तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि इंग्रजी कायद्यात चेटूक या गुन्ह्याला फाशी होती. जाळणं युरोपात इतरत्र चालायचं, तिथूनच हा घोळ झालाय.

त्या खटल्यांत १९ जणांना फासावर चढवलं. त्यात ५ पुरुष होते. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला शेतकरी. त्याने आरोप मान्य आहे की नाही हेच सांगायला नकार दिला, म्हणून छातीवर दगड रचून त्याला चिरडलं. काहीजण तुरुंगातच मेले. फासावर गेलेल्या सारा गुडची जेमतेम चार वर्षांची पोरही कोठडीत होती!

पुरावा काय, तर 'हिची छाया येऊन मला चिमटे काढते' असं आरोप करणाऱ्या मुलींनी सांगायचं. आता छायेची उलटतपासणी कोण घेणार? त्यात गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की 'हो, मी चेटकीण आहे' म्हणणारे बहुतेक वाचले, नाही म्हणणारे लटकले. कबुली देणाऱ्याला आणखी नावं विचारत, त्यामुळे यादी वाढतच गेली.

ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर फिप्सने हे खटले चालवणारं न्यायालय बरखास्त केलं. १६९७ मध्ये त्याच न्यायालयातला एक न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल याने चर्चमध्ये सर्वांसमोर उभं राहून आपला दोष कबूल केला.