कॅलिपर ‘काढा’ लिहावं की ‘सोडवा’?

एका वाचकाने विचारलं आहे : ‘गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि रोटर घरच्या घरी कसे बदलायचे, याची कृती मी मराठीत लिहितो आहे. रोटरला चकती म्हणावं की तबकडी? पॅडला ब्रेकची गादी म्हटलं तर चालेल का? आणि नवे पॅड लावल्यावर बेडिंग-इन करतात त्याला मराठीत काय म्हणायचं?’

नामांचं आधी उरकतो. पॅड, डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा), पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) हे शब्द आहेत तसेच ठेवा. ‘चकती’ वाचून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नटाखालचा वॉशर येईल, ‘तबकडी’ वाचून ग्रामोफोन. ‘गादी’ तर नकोच. गादी म्हटलं की मऊपणा आला, आणि ब्रेकचा पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला घर्षणाचा कडक थर. शिवाय तुमचा वाचक हेच शब्द घेऊन सुटे भाग आणायला जाणार आहे. तिथे ‘गादी’ मागितली तर सीटची मिळेल.

रोटर आणि डिस्क ही एकाच वस्तूची, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीची, दोन नावं. अमेरिकेत रोटर म्हणतात, ब्रिटनमध्ये डिस्क. मराठीत ‘डिस्क ब्रेक’ चांगला रुळला आहे, म्हणून मी डिस्क घेईन. तुम्हाला रोटर आवडत असेल तर तो घ्या, पण शेवटपर्यंत एकच ठेवा, कारण लिंग बदलतं : रोटर झिजला, पण डिस्क झिजली. दोन्ही आलटून पालटून वापरलेत तर नवख्याला ते दोन वेगळे भाग वाटतील. पॅडचं लिंग बोलण्यात डळमळतं. परीक्षेला नेतात ते पॅड नपुंसकलिंगी आहे, पण ब्रेकच्या बाबतीत ‘पॅड झिजले’ असं पुल्लिंगी रूप मला जास्त सहज वाटतं.

एका नामाबाबत मात्र मी हट्ट धरेन. सगळेजण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, लेखात ते लिहू नका, ‘ब्रेक फ्लुइड’ लिहा. ‘ऑइल’ वाचून कोणी टाकीत इंजिन ऑइलची भर घातली, तर ब्रेकमधले रबरी सील फुगतात आणि निकामी होतात. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींचे ब्रेक फ्लुइड खनिज तेलापासून बनतच नाहीत. बोलताना चालणारा शब्द कृतीत घातक ठरतो, त्याचं हे अगदी ठळक उदाहरण.

आता मुद्द्याकडे येतो. तुमचे प्रश्न सगळे नामांचे आहेत आणि कृती लिहिताना अडचण होते ती क्रियापदांची. डिस्कला काहीही म्हटलंत तरी वाचक चित्र पाहून ती ओळखेल. पण ‘करायचं काय’ हे त्याला फक्त क्रियापदातून कळणार. सुदैवाने या कामाची क्रियापदं मराठीत भरपूर आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःची नेमकी जागा आहे.

‘काढणे’ घ्या. ‘कॅलिपर काढा’ हे वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे, कृती म्हणून धोक्याचं. अक्षरशः वाचणारा माणूस कॅलिपरला जोडलेली ब्रेकची नळीसुद्धा उघडेल. फ्लुइड सांडेल, रंगावर पडलं तर रंग खाईल, आणि नळीत हवा शिरेल. पॅड बदलायला नळीला हात लावावा लागत नाही. म्हणून असं लिहा : ‘कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवा. नळी जोडलेलीच राहू द्या. कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा, नळीवर लोंबकळू देऊ नका.’ सोडवणे म्हणजे एका बंधनातून मोकळं करणे. बाकीची बंधनं शाबूत आहेत हे त्यातून आपोआप कळतं. डिस्कच्या बाबतीत मात्र ‘काढा’ बरोबर, कारण ती खरोखरच हबवरून (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरून) निघून हातात येते. आणि गंजून हबला धरली असेल, तर ‘निघत नाही’ यापेक्षा ‘डिस्कने हब धरला आहे’ असं लिहिलं की वाचकाला कारणही समजतं.

‘हवा काढणे’ हीसुद्धा अशीच जागा. चाकाची हवा काढतात, ब्रेकचीही काढतात. चाक उतरवलेलं असताना नुसतं ‘हवा काढा’ वाचून माणूस टायरकडे बघेल. ‘ब्रेकच्या नळीतली हवा काढा’ एवढं पूर्ण लिहावं.

पिस्टनचा मुद्दा याहून नाजूक आहे. जुने पॅड पातळ झालेले असतात, नवे जाड, म्हणून बाहेर आलेला पिस्टन परत आत न्यावा लागतो. पुढच्या चाकांना बहुधा तो सरळ ढकलला की आत जातो. सी-क्लॅम्प लावून हळूहळू दाबायचा, आणि फ्लुइडच्या टाकीचं झाकण उघडून पातळीवर नजर ठेवायची. मागच्या चाकांना हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत फिरवत आत घ्यावा लागतो. तिथे ढकलण्याचा जोर लावला तर आतली यंत्रणा मोडते. आणि हँडब्रेक विजेवर चालणारा असेल, तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे पिस्टन आत घेता येईल अशा स्थितीत, घालावी लागते. अशा ठिकाणी ‘पिस्टन मागे घ्या’ असं मोघम लिहिणं बरोबर नाही. ‘ढकला’ किंवा ‘फिरवा’, दोन्हींपैकी एक लिहाच.

‘घासणे’ आणि ‘झिजणे’ यांची बोलताना सर्रास अदलाबदल होते. पॅड डिस्कवर घासतात, ते त्यांचं कामच आहे. त्याचा परिणाम म्हणजे झिजणे. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटरचा थर असतो, तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायचे. ‘पॅड घासताहेत’ लिहिलंत तर दोष आहे की नाही, तेच कळत नाही. ‘डिस्क घासून घ्या’ तर आणखी फसवं : पॉलिश पेपरने पुसून साफ करायची, की लेथवर लावून वरचा थर काढायचा? दुसऱ्या कामाला ‘तासणे’ हा आपला नेमका शब्द आहे. आणि तासल्यावरही डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाता येत नाही, हे तिथेच सांगून टाका.

डिस्कवरच्या खुणांसाठी ‘ओरखडा’ आणि ‘चर’ असे दोन शब्द वापरा. डिस्कवरून आडवं नख फिरवा. नख न अडखळता गेलं तर ओरखडे, त्यांची काळजी नाही. नख अडकलं तर चर पडलेत. बाहेरच्या काठाला बोट लावलं तर जुन्या डिस्कला उभी कड जाणवते, कारण पॅड तिथवर पोहोचत नाहीत आणि तेवढाच भाग मूळ जाडीचा राहतो. आवाजांचंही तसंच. बऱ्याच पॅडना झिजल्याची सूचना देणारी पातळ पत्री असते, तिचा आवाज बारीक ‘चीं’ असा येतो. थर संपून पोलाद डिस्कला भिडलं की ‘खर्रर्र’. हे दोन आवाज कृतीत असेच लिहा. ‘विचित्र आवाज’ असं लिहून काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

‘लागणे’ या क्रियापदाची तर मला फार गंमत वाटते. ब्रेक लागत नाही, ब्रेक उशिरा लागतो, ब्रेक लागून राहतो : तीन वेगळे दोष एका क्रियापदाने सांगून होतात. शेवटच्यात कॅलिपरच्या सरकपिना (ज्यांवर तो पुढे-मागे सरकतो त्या) कोरड्या पडल्या असतील किंवा पिस्टन अडकला असेल. तेव्हा पॅड बदलताना पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, पॅडच्या आणि डिस्कच्या तोंडाला मात्र ग्रीसचा थेंबही लागू द्यायचा नाही.

बोल्टसाठी क्रम असा लिहा : ‘आधी हाताने आटे धरवा, मग पाना लावून आवळा.’ ‘आटे धरणे’ हा वाक्प्रचार कामाच्या जागी रोज ऐकू येतो आणि तो सोन्यासारखा आहे. सुरुवातीपासून पान्याचा जोर लावला की बोल्ट तिरका चढतो आणि आटे जातात. चाकाचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यायचे, आणि शेवटचा जोर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला, टॉर्क रेंचने. ‘चांगले घट्ट करा’ याला काही माप नाही. जॅक ‘लावा’, पण गाडी जॅकवर ‘ठेवू’ नका. खाली भक्कम टेकू द्या, म्हणजे जॅक स्टँड. ‘टेकू’ शब्दातच भार तोलून धरणं आहे.

राहिलं बेडिंग-इन. इथे ‘बसणे’ आडवं येतं. ‘पॅड बसवा’ म्हणजे जागेवर लावा, ‘पॅड बसू द्या’ म्हणजे डिस्कशी त्यांची जुळणी होऊ द्या. एकाच लेखात दोन्ही आले की घोळ होतो. मी ‘रुळवणे’ सुचवेन. नवी चप्पल पायात रुळते तसे नवे पॅड डिस्कवर रुळतात : पॅडच्या पदार्थाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो. कृती अशी लिहिता येईल : ‘नवी डिस्क लावण्यापूर्वी तिच्यावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. सगळं जोडून झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. मग मोकळ्या रस्त्यावर पॅड रुळवा : ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून १० पर्यंत बेताने ब्रेक लावत या, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा करून, ब्रेक न लावता काही वेळ गाडी चालवून डिस्क निवू द्या.’ पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळायची. ‘पूर्ण थांबू नका’चं कारणही लिहा : तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तेवढ्याच जागी पदार्थाचा जाड ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं.