तुझ्या घरात काय आहे?

"देवावर भरवसा ठेवलाय, मग दुसरीकडे अर्ज करत फिरणं म्हणजे अविश्वासच ना?" नोकरी गेलेली श्रद्धाळू माणसं हा प्रश्न फार वेळा विचारतात. घरचे त्याच वेळी उलट विचारत असतात, "मला काळजी वाटते म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?"

आमच्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या चिखलीतल्या एका मराठी ख्रिस्ती जोडप्याने हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी मांडले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गृहस्थ भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ११ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. ऑर्डरी घटल्या आणि त्यांना कमी केलं. त्यांनी ४० दिवस उपास-प्रार्थनेचा निश्चय केला. त्याच कंपनीतून परत फोन येईल, तोवर कुठेही अर्ज करायचा नाही, असं ठरवलं. पत्नी म्हणाली, "हे म्हणतात, तू काळजी करतेस म्हणून प्रार्थना अडकते." अशा वाक्याने दोघंही एकटे पडतात, म्हणून पहिल्याच भेटीत ते बाजूला काढावं लागतं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या १३व्या स्तोत्रात दावीद देवाला "किती काळ?" असं चार वेळा विचारतो. ही तक्रार शास्त्रातच आहे आणि तीही प्रार्थनाच आहे. ते स्तोत्र पत्नीने मोठ्याने वाचावं आणि पतीने मध्ये काही न बोलता ऐकावं, एवढंच त्या दिवशी ठरलं.

त्याआधी शरीराची चौकशी केली. झोप, जेवण, औषधं, मरणाचे विचार, सगळं थेट विचारायचं असतं. मरणाचे विचार असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच भेटीत हातात द्यावा. तिथे मराठीतही बोलता येतं. या गृहस्थांना तसे विचार नव्हते, पण मधुमेह होता. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती आणि दुपारपर्यंत पोट रिकामं असायचं. दोनदा दरदरून घाम आला, हात थरथरले. त्यांना ती आत्मिक लढाई वाटली. खरं तर ही गोळी इन्सुलिन वाढवते, आणि पोटात अन्न नसेल तर रक्तातली साखर ७०च्या खाली जाऊ शकते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग जेवायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. गोळी मनानेच बंद करायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. त्यांच्या चर्चच्या पाळकांनी त्यांना अन्नाऐवजी मोबाइलचा उपास सुचवला. पाळकांचा शब्द इथे आमच्या शब्दापेक्षा लवकर पोचतो, म्हणून माणसाच्या परवानगीने त्यांना सोबत घेणं फार मोलाचं.

दुसऱ्या भेटीत बायबलमधला २ राजे, अध्याय ४ उघडला. एक विधवा, सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आलेला. संदेष्टा अलीशा तिला विचारतो, "घरात तुझ्याजवळ काय आहे?" फक्त थोडंसं तेल. मग तो शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, तीही थोडकी नाही. म्हणजे घरातली अडचण आळीभर कळणारच. तेल वाढवणं देवाचं. भांडी मागणं, दार लावून ओतणं, तेल विकणं, कर्ज फेडणं, हे सगळं तिचं. आज्ञापालन म्हणजे इथे एवढीच कामं होती, आणि त्यातलं अवघड काम भांडी मागायचं. केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही प्रार्थनेसोबत विणकाम आणि छापखाना चालत होताच.

तोच प्रश्न कागदावर लिहिला: घरात काय आहे? सुरुवातीला उत्तर आलं, "काही नाही." असंच येतं, कारण धास्तावलेल्या माणसाला फक्त देणं दिसतं. तासाभराने यादीत ११ वर्षांची ग्रॅच्युइटी आली, जी कोणी मागितलीच नव्हती. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता १८,२०० रुपये. त्याला २६ने भागून १५ने आणि मग ११ने गुणायचं: १,१५,५०० रुपये. मागणी लेखी करायची, पोच घ्यायची. पीएफचा दावा अडकला होता, कारण कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ती तारीख सभासदाला स्वतः ऑनलाइन भरता येते.

घराचा हप्ता २१,४०० रुपयांचा. हप्ता चुकण्याआधी शाखेत जायचं, नंतर नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की कर्ज एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं आणि बोलणीच अवघड होतात. हप्ता कमी करून मुदत वाढवण्याच्या अर्जासोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, बँक स्टेटमेंट आणि दरमहा किती झेपेल तो आकडा. मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं, क्रेडिट अहवालात नोंदही होऊ शकते. हे सही करण्याआधी विचारून घ्यावं. हप्ता भरायला मोबाइल ॲपवरून कर्ज काढणं ही या काळातली सगळ्यात महाग चूक.

भांडी मागणं मात्र तीन आठवडे रखडलं. ओळखीच्यांना नोकरी गेल्याचं सांगायला त्यांचा जीव धजेना. शेवटी प्रार्थना गटातल्या दोघांना सांगितलं, आणि त्यातल्या एकाने रांजणगावातल्या जागेची माहिती दिली.

तिथे ते रुजू झाले. पगार सहा हजारांनी कमी, जाण्यायेण्याचे तीन तास. जुन्या कंपनीतून फोन आलेला नाही आणि त्याचं दुःख त्यांना आहे. ते आता दोघं मिळून प्रार्थनेत बोलतात. पुढच्या भेटीसाठी पत्नीने एक विषय लिहून ठेवलाय: पहिल्या पगारातून दशमांश (देवासाठी काढायचा दहावा भाग) आधी की दिराकडून घेतलेले आठ हजार आधी.