गोळीचा चहा आणि गुळाचा खडा

प्रश्न : दोन महिने झाले, चहात साखरेऐवजी गोळी टाकतो, दुपारी डाएट कोला. तरी जेवण झालं की हात गुळाच्या डब्याकडं जातोच. गोळीनंच ओढ वाढते का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : दादा, सगळा दोष गोळीवर नको. ओढ वाढतेच, असं अभ्यास एकमुखानं सांगत नाहीत. पण अशा गोळीत, डाएट कोलात बहुधा असणारं अस्पार्टेम, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा कृत्रिम गोड पदार्थ, साखरेच्या सुमारे २०० पट गोड. जिभेची सवय मोडणार कशी? वजन घटवायला असे पदार्थ वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सुचवलं. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ते लागू नव्हतं. मी दर आठवड्याला साखर थोडी थोडी कमी केली. सुरुवातीला चहा नुसता काढा! आता सासुरवाडीचा चहा पाक वाटतो. कोलाऐवजी जिरं घातलेलं ताक घ्या. आणि रात्री ज्वारीची भाकरी पोटभर खाता ना?