वाचकांचे प्रश्न: रोकफोर, डोंगराच्या पोटातलं गाव

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): रोकफोर हे निळं चीज म्हणे फ्रान्सच्या एकाच गावातून येतं. निळं चीज तर कुठेही बनतं, मग या गावाचं एवढं काय? आणि तिथलं ‘कम्यून’ म्हणजे आपली ग्रामपंचायतच ना?

उत्तर: मेंढ्यांचं दूध काढणं, त्याचं चीज लावणं हे आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात चालतं, पण मुरवायचं ते फक्त रोकफोर-सुर-सुल्झों या गावातच, कायदाच आहे तसा. दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यातलं हे गाव कोंबालू नावाच्या चुनखडीच्या डोंगराला अगदी चिकटून वसलंय. फार पूर्वी या डोंगराची एक बाजू ढासळली आणि दगडांच्या ढिगाऱ्यात खोल भेगा राहिल्या, त्यांना तिथले लोक फ्लूरीन म्हणतात, त्यातून गार दमट हवा खालच्या तळघरांत येत राहते, बाहेर ऊन असो की बर्फ, आत साधारण 10 अंशच. रस्त्यावरून साध्या दिसणाऱ्या इमारतींच्या खाली मजल्यावर मजले तळघरं आहेत. तिथे ओकच्या फळ्यांवर अडीच-तीन किलोच्या चीजच्या चकत्या कडेवर उभ्या करून ठेवतात, आधी त्यांना सुयांनी भोकं पाडलेली असतात म्हणजे हवा आतपर्यंत जाते आणि निळी बुरशी धरते. आता कळलं ना गाव महत्त्वाचं का, कारण ही हवा दुसरीकडे उचलून नेता येत नाही.

हक्काचं भांडणही जुनंच आहे. 1411 मध्ये राजा सहावा चार्ल्स याने मुरवण्याचा हक्क या गावकऱ्यांना दिला, 1666 मध्ये तुलूझच्या न्यायसभेने नकली रोकफोर विकायला बंदी केली, 1925 ला खास कायदा झाला आणि 1961 मध्ये जवळच्या मियो शहरातल्या कोर्टाने कोंबालूच्या तळघरांत मुरलेल्या चीजलाच हे नाव, यावर शिक्कामोर्तब केलं.

पर्यटकांना तिथे प्रेमात पडून भाकरी-चीज गुहेत विसरलेल्या मेंढपाळाची, आणि त्यातूनच हे चीज जन्मल्याची दंतकथा हमखास ऐकवतात. मला विचाराल तर खरी सांगण्यासारखी गोष्ट काबानियेर बायकांची आहे. आसपासच्या खेड्यांतून या बाया हंगामाला यायच्या, थंडगार तळघरात तासन् तास उभं राहून चीजला मीठ चोळायचं, वरची बुरशी सुरीने खरवडायची, चकत्या फिरवायच्या. रोकफोरचं नाव जगभर गेलं ते त्यांच्या हातांवर, आणि त्यांचा उल्लेख मात्र चुकून कुठेतरी सापडतो, याचं वाईट वाटतं.

कम्यूनचं म्हणाल तर 1789 च्या क्रांतीतून आलेली ही सगळ्यात खालची पायरी, आज साधारण 35 हजार कम्यून आहेत. ग्रामपंचायत फक्त खेड्याला असते, पण तिकडे पॅरिसही कम्यून आणि हजाराच्या आतल्या वस्तीचं रोकफोरही कम्यूनच. दर सहा वर्षांनी निवडणूक, निवडून आलेले सदस्य मेयर निवडतात. जन्म-मृत्यूची नोंद त्याच्याच ऑफिसात, आणि लग्न पण आधी तिथेच लागतं, चर्चमध्ये नंतर ज्याला हवं त्याने जावं.

प्रश्न (वर्ध्याहून एक वाचक): याच भागातल्या शेतकरी आंदोलनाचा आमच्या वर्ध्याशी संबंध होता असं ऐकलंय, खरं का?

उत्तर: अगदी खरं, आणि हे विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. रोकफोरच्या शेजारी लार्झाकचं पठार आहे, या चीजला दूध पुरवणाऱ्या मेंढ्या तिथेही चरतात. 1971 मध्ये सरकारने तिथला लष्करी तळ 3 हजारवरून 17 हजार हेक्टर करायचं जाहीर केलं, म्हणजे शेतकऱ्यांची जमीन जाणार. आता लांझा देल व्हास्तो नावाचे एक इटालियन गृहस्थ, ते 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले होते, गांधीजींनीच त्यांना शांतिदास नाव दिलं. पुढे त्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये आश्रमासारखी वस्ती उभी केली होती. मार्च 1972 मध्ये त्यांनी पठारावरच्या ला काव्हालरी गावात 15 दिवसांचा उपास केला, शेतकरी आळीपाळीने त्यांच्या सोबत बसले, आणि त्याच महिन्यात 103 शेतकऱ्यांनी जमीन विकणार नाही अशी शपथ लिहून सह्या केल्या. ऑक्टोबरात तर मेंढ्या थेट पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चारल्या! लढा दहा वर्षं चालला, बहुतेक सगळा अहिंसक, आणि 1981 मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ती योजना रद्द केली. वर्ध्याच्या शाळांमधून हे मुलांना सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): आम्ही शाकाहारी आहोत, हे चीज चालेल का? आणि जायचं झालं तर कसं?

उत्तर: दूध फाडायला प्राण्यांच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर नाही चालणार. जायला जवळचं मोठं गाव मियो, 2004 मध्ये सुरू झालेला तो प्रचंड उंच पूल तिथेच आहे. तळघरं बघायला मिळतात, पण जुलैत गेलात तरी स्वेटर न्याच.